फुप्फुस प्रत्यारोपणापूर्वीचा घरचा व्यायाम

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीवर असलेल्या, किंवा यादीत नाव जाण्यासाठी तपासण्या सुरू असलेल्या दुर्बल रुग्णाने घरी राहून, पण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत करायचा आखीव व्यायाम. चालणे, हातापायांच्या स्नायूंची ताकद वाढवणे, तोल सांभाळण्याचा सराव आणि धाप आवरण्याचे तंत्र हे त्याचे मुख्य भाग. शस्त्रक्रियेनंतर जे पुनर्वसन करावे लागते त्याची ही आधीची पायरी, म्हणून याला पूर्वपुनर्वसन किंवा दवाखान्याच्या बोलीत ‘प्रीहॅब’ म्हणतात. या व्यायामाने रोगट फुप्फुस बरे होत नाही. यंत्रात फुंकर मारून काढलेले फुप्फुसक्षमतेचे आकडे जवळपास होते तिथेच राहतात. सुधारतात ते पाय.

दुर्बलतेचे मोजमाप : ‘दुर्बल’ हा शब्द इथे सैल अर्थाने येत नाही. २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी वृद्धांमधील दुर्बलता ओळखण्यासाठी पाच खुणा मांडल्या : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, ढिली पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक खुणा असल्या तर व्यक्ती दुर्बल, एक-दोन असल्या तर दुर्बलतेच्या उंबरठ्यावर. फूटपट्टी वृद्धांची असली तरी सिस्टिक फायब्रोसिसचा (घट्ट कफाने फुप्फुसे बिघडवणाऱ्या जन्मजात रोगाचा) तिशीतला रुग्णही तिच्यात बसतो. उलट स्टेरॉइडने चेहरा गोल झालेला, वजनकाट्यावर चांगला भरणारा माणूस मांड्यांनी पार खचलेला असू शकतो. नुसते पाहून केलेला अंदाज फसतो, तो असा. शिवाय थकवा आणि मंद चाल ही मूळ रोगाचीही लक्षणे असल्याने या खुणा मोजताना थोडा घोळ राहतोच.

म्हणून प्रत्यक्ष करून दाखवायची चाचणी अधिक उपयोगी पडते. ‘शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी’ ही त्यातली सर्वांत प्रचलित. तोल, ४ मीटर चाल आणि खुर्चीतून उठणे अशा तीन भागांना प्रत्येकी ४, म्हणजे एकूण १२ गुण. प्रत्यारोपणाच्या अभ्यासांत ७ किंवा त्याहून कमी गुण मिळाले की रुग्णाला दुर्बल धरतात. तिन्हींत सर्वांत बोलका भाग खुर्चीचा. सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवलेली असते. रुग्ण दोन्ही हातांची छातीवर घडी घालून बसतो आणि सांगितल्यावर पूर्ण ताठ उभा राहून पुन्हा बसतो, असे पाच वेळा. ११.२ सेकंदांच्या आत झाले तर ४ गुण, १६.७ सेकंद किंवा जास्त लागले तर १, मिनिटभरातही जमले नाही तर शून्य. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुष्कळांच्या हातांची घडी आपोआप सुटते आणि तळवे मांड्यांवर टेकतात. श्वास अजून पुरेसा असतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंनी हात टेकलेले असतात.

पायांचे महत्त्व : फुप्फुसाचा जुना रुग्ण धाप लागते म्हणून बसून राहतो. बसून राहिल्याने स्नायू झडतात, त्यांतील प्राणवायू वापरण्याची क्षमता घटते आणि तेवढ्याच कामाला लॅक्टिक आम्ल लवकर साठू लागते. ते फेडण्यासाठी श्वास आणखी वाढतो, म्हणजे धापही वाढते. हे चक्र फुप्फुस न बदलताही स्नायूंच्या बाजूने थोडे उलटे फिरवता येते, आणि प्रीहॅबचा सारा आधार यावर आहे. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, अपुरे खाणे, वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांची त्यात भर असते. प्रत्यारोपणानंतर नवे फुप्फुस जवळजवळ सामान्य माणसाइतके काम करू लागले, तरी परमोच्च श्रमक्षमता अपेक्षेच्या साधारण निम्म्यावर अडकते असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. कारण फुप्फुस बदलले तरी पाय तेच असतात, आणि शरीराने अवयव नाकारू नये म्हणून दिली जाणारी औषधे स्नायूंना फारशी मानवत नाहीत.

यादीशी संबंध : आंतरराष्ट्रीय हृदय व फुप्फुस प्रत्यारोपण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक दस्तऐवजात, हालचाल फार मर्यादित आणि पुढे पुनर्वसनाने सुधारण्याची शक्यताही कमी, अशी अवस्था प्रत्यारोपणास पूर्ण प्रतिकूल मानली आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात दुर्बल उमेदवारांचे नाव यादीतून कमी होण्याचा किंवा वाट पाहतानाच मृत्यू येण्याचा धोका अधिक आढळला. थोडक्यात, रुग्ण इतका आजारी असावा लागतो की नवे फुप्फुस हाच उपाय उरावा, आणि इतका खमकाही की शस्त्रक्रिया सोसावी. या दोन अटींमधली वाट अरुंद आहे. घरचा व्यायाम रुग्णाला या वाटेवर टिकवण्यासाठी असतो, त्याला धडधाकट करण्यासाठी नव्हे. नातेवाइकांची अपेक्षा बहुधा दुसरी असते आणि ती सुरुवातीलाच जमिनीवर आणलेली बरी.

घरीच का : कॅनडातील टोरंटोच्या केंद्राची परंपरा वेगळी आहे. दीर्घकाळ यशस्वी ठरलेले पहिले फुप्फुस प्रत्यारोपण १९८३ मध्ये तिथेच झाले. तिथे उमेदवाराने केंद्राजवळ राहावे आणि आठवड्यातून तीनदा व्यायामशाळेत यावे, असा शिरस्ता पडला. सर्वांना ते परवडत नाही. मिनिटाला ६ लिटर प्राणवायू लागणाऱ्या माणसाला घराबाहेर पडायचे तर किती सिलिंडर लागतील याचा हिशेब करावा लागतो आणि प्रवासातच अंगातली निम्मी शक्ती संपते. गर्दीतल्या संसर्गाची भीती वेगळीच. ज्यांना व्यायामाची सर्वाधिक गरज तेच केंद्रातून सर्वांत लवकर गळतात : श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या चिवट रोगाच्या (सीओपीडी) ८१६ रुग्णांवरील एका ब्रिटिश अभ्यासात दुर्बल रुग्णांनी कार्यक्रम अर्ध्यावर सोडण्याची शक्यता इतरांच्या दुपटीने होती. २०२० मध्ये कोविडमुळे केंद्रे बंद पडली तेव्हा टोरंटोलाही व्हिडिओ कॉल आणि ॲपवर यावे लागले.

पद्धत : पहिली तपासणी मात्र केंद्रातच होते आणि ती टाळू नये. ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो ते मोजतात. चालताना रक्तातील प्राणवायू कुठवर उतरतो आणि तो धरून ठेवायला किती लिटर लागतात तेही ठरवतात. बसल्या जागी २ लिटर पुरणाऱ्या फुप्फुसतंतुमयतेच्या (फुप्फुस ताठर होण्याच्या रोगाच्या) रुग्णाला चालताना ८ लिटर लागू शकतात. घरच्या प्राणवायूच्या यंत्राची क्षमता ५ लिटरचीच असेल तर व्यायामाची आखणी तिथेच अडते.

चालणे तुकड्यातुकड्यांनी असते. दोन मिनिटे चाल, एक मिनिट विसावा, अशा पाच-सहा फेऱ्या. विसाव्याचा वेळ आठवड्यागणिक कमी करत नेतात. वेग घड्याळावर नव्हे, धापेवर ठरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या ० ते १० या मापावर धाप ४ ते ६ च्या दरम्यान असावी, म्हणजे चार शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत. बोटावरचा ऑक्सिमीटर साधारण ८८ टक्क्यांच्या खाली जाऊ न देण्याची सूचना असते, पण हा आकडा प्रत्येकाचे केंद्र ठरवते. या यंत्राची एक खोड लक्षात ठेवावी लागते. आकडा काही सेकंद मागे असतो, त्यामुळे सर्वांत नीच पातळी अनेकदा चालणे थांबवल्यानंतर दिसते. थांबताक्षणी बोट काढून घेणाऱ्याला ती कधीच कळत नाही. बोटे गार पडली असतील किंवा नखांना गडद रंग लावला असेल तर आकडा भलताच येतो, आणि सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवण्याकडे झुकतो.

ताकदीच्या व्यायामांना साहित्य फारसे लागत नाही. खुर्चीतली उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायरीवर चढउतार, भिंतीला दोन्ही हात टेकून दंड, रबरी पट्टा किंवा पाण्याची बाटली घेऊन हात उचलणे. आठ ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि सोपे वाटू लागले की भार वाढवायचा. ‘वाढवायचा’ हा शब्द कागदावर छापलेल्या व्यायामपत्रिकेत नसतो, म्हणून नुसती पत्रिका हातात देऊन घरी पाठवणे याला या नोंदीतला अर्थ लागू होत नाही. आठवड्याला एक फोन, आकड्यांची वही किंवा ॲप, आणि त्यावरून बदललेला पुढच्या आठवड्याचा भार, इतके तरी हवे. श्वास सोडत उठायचे आणि घेत बसायचे, हे तंत्र आधी घोटून घेतात. सीओपीडीत ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडल्याने छातीत अडकलेली हवा बाहेर पडते.

रोगागणिक पथ्य बदलते. फुप्फुसधमनीच्या उच्च रक्तदाबात श्वास कोंडून जोर लावणे वर्ज्य, कारण त्याने भोवळ येऊन शुद्ध हरपू शकते. अशा रुग्णाला पंपाने शिरेत सतत एपोप्रोस्टेनॉल (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) जात असेल तर ती नळी व्यायामात ओढली जाणार नाही याची काळजी सर्वांत आधी, कारण औषधाचा असर काही मिनिटांतच ओसरतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये व्यायामाआधी कफ काढावा लागतो. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, नव्याने अनियमित झालेले ठोके, विसाव्यानंतरही न चढणारा प्राणवायू, यांपैकी काहीही झाले तर थांबायचे आणि कळवायचे. घरातला सर्वांत सामान्य धोका याहून साधा आहे : जमिनीवर लोळणारी प्राणवायूची लांब नळी. तिच्यात पाय अडकून पडण्यापेक्षा चालण्याच्या वाटेच्या एका बाजूने ती वळवून ठेवणे सोपे. पेटता गॅस आणि सिगारेट यांपासून ती लांब, हे वेगळे सांगायला नको.

खाण्याकडे दुर्लक्ष झाले तर ताकदीचा व्यायाम वाया जातो. प्रथिने बहुधा शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात. पोट भरले की छाती-पोटामधला पडदा वर दाबला जाऊन धाप लागते, म्हणून थोडे थोडे, अनेक वेळा.

पुरावा : वर उल्लेखलेल्या ब्रिटिश अभ्यासात ज्या दुर्बल रुग्णांनी पुनर्वसन पूर्ण केले त्यांपैकी ६१ टक्के नंतर दुर्बलतेच्या व्याख्येत बसत नव्हते. म्हणजे ही अवस्था मागे फिरू शकते. मात्र तो कार्यक्रम केंद्रात चालणारा होता आणि रुग्ण प्रत्यारोपणाच्या यादीवरचे नव्हते. घरच्या पद्धतीबद्दल ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सीओपीडीच्या १६६ रुग्णांवर झालेली चाचणी महत्त्वाची आहे : घरी एक भेट आणि आठवड्याला एक असे सात फोन, एवढ्यावर आठ आठवड्यांच्या अखेरीस चालण्याच्या क्षमतेत केंद्रातल्या गटाइतकीच सुधारणा झाली. प्रत्यारोपणाच्या दुर्बल उमेदवारांसाठी सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने मोबाइल ॲपवर आधारित आठ आठवड्यांचा घरचा कार्यक्रम राबवून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. दुर्बलतेचे गुण सुधारले, पण सहभागी मोजके होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. यावरून ‘व्यायामाने प्रत्यारोपणानंतरचे आयुष्य वाढते’ असे छातीठोक सांगणे घाईचे ठरेल. तीव्र रोगात सहा मिनिटांच्या चालीतले अंतर नुसते टिकून राहिले तरी ते यशच मानावे लागते, कारण फुप्फुस त्या काळात खालीच जात असते.

जंतुसंसर्गाने प्रकृती बिघडली की कार्यक्रम थांबतो आणि परत सुरू करताना आधीच्या साधारण निम्म्या भारापासून करतात. फुप्फुस मिळाल्याचे बोलावणे आल्यावर तर सारे मोडूनच पडते. शस्त्रक्रियेनंतर छातीवरची जखम भरेपर्यंत काही आठवडे हातांनी जोर लावून उठायला मनाई असते. पलंगावरून उठणे, शौचालयातून उठणे, सगळे केवळ पायांवर. छातीवर हातांची घडी घालून केलेल्या त्या उठबशा तेव्हा कामी येतात.