रिकीब नसेल तर घोडदळ लढूच शकत नाही?

एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: रोमन स्वारांकडे रिकीब (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) नव्हती, म्हणून भाला मारताच ते खाली पडत. त्यांचा घोडा फक्त निरोप न्यायला आणि पळणाऱ्यांच्या मागे लागायला कामाचा.

पहिला भाग खरा आहे. युरोपात रिकीब आली ती सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हीच्या (आजच्या तुर्कस्तानातले ठिकाण) लढाईत पार्थियन, म्हणजे प्राचीन इराणी साम्राज्याच्या, घोडदळाने रोमन पायदळाचा धुव्वा उडवला, आणि त्या स्वारांकडेही रिकीब नव्हती.

मग तोल सांभाळायचे कोण? मांड आणि खोगीर. रोमन खोगिराला चार शिंगे असत. पुढची दोन मांड्यांवर बाहेरच्या बाजूला झुकलेली, मागची दोन कमरेला आधार देणारी. रोमन छावण्यांच्या उत्खननांत या शिंगांचे काशाचे पत्रे आणि खोगिरांच्या कातड्याचे तुकडे सापडले आहेत. त्यावरून नवी खोगिरे बनवून प्राचीन स्वारीचा सराव करणारे हौशी स्वार त्यावर बसून भाला फेकतात, एका बाजूला वाकून तलवार चालवतात आणि पुन्हा सरळ होतात. माझ्या मते हा सगळ्यात बोलका पुरावा.

पडताळायचे असेल तर ऱ्हाइनकाठच्या संग्रहालयांतल्या रोमन स्वारांच्या समाधिशिलांचे फोटो पाहा. भाला उगारलेला, घोडा उधळलेला, पाय मोकळा लोंबकळतो आहे आणि कित्येक शिलांवर खोगिराची शिंगेही ओळखू येतात.

रिकिबीने घोड्यावर चढणे सोपे झाले, लांबच्या दौडीत पायांना आराम मिळाला. हे फायदे मोठेच आहेत.