दुर्बिणीतलं आकाश, तानपुऱ्याच्या सोबतीनं : पेन ड्राइव्ह लावण्याआधी

नमस्कार.

तुम्ही घेतलेल्या पेन ड्राइव्हमध्ये अकरा चित्रफिती आहेत. अंतराळातल्या दुर्बिणींनी टिपलेली छायाचित्रं आणि त्यांच्यासाठी आम्ही ध्वनिमुद्रित केलेलं संथ संगीत, एवढाच ऐवज. निवेदन नाही, पडद्यावर अक्षरं नाहीत. म्हणून समोर नेमकं काय दिसतंय ते या कागदावर लिहिलं आहे.

हे रंग खरे आहेत का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यात रंगीत फोटो निघतच नाही. एकेक फिल्टर लावून कृष्णधवल फोटो घेतात, मग प्रत्येकाला एक रंग देऊन ते एकमेकांवर बसवतात. गरुड तेजोमेघातले (तेजोमेघ म्हणजे वायू आणि धुळीचा अवकाशातला ढग) धुळीचे खांब हबल दुर्बिणीने 1995 साली टिपले, तेव्हा गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला गेला. वास्तविक हायड्रोजनचा तो प्रकाश आपल्या डोळ्यालाही लालच दिसला असता. पण गंधकही लाल आणि हायड्रोजनही लाल ठेवला, तर कुठला वायू कुठे आहे हे कळणार कसं?

वेब दुर्बीण पाहते ती मुख्यतः अवरक्त प्रकाशात, जो आपल्याला दिसतच नाही. तिथे सर्वांत लांब तरंगलांबीला लाल आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, असा क्रम लावतात. जुलै 2022 मध्ये आलेलं कॅरिना तेजोमेघाचं चित्र अशा सहा फिल्टरांचं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या अंतराळ दुर्बीण विज्ञान संस्थेत जोसेफ डीपास्क्वाले आणि अलिसा पेगन यांनी ते जुळवलं. रंग निवडलेले असतात, पण त्या निवडीला नियम असतो. आम्ही त्या रंगांना हात लावलेला नाही. बाजारात अशी चित्रं जास्त भडक करून विकली जातात, ते आम्हाला पटत नाही.

खांबांच्या 1995 च्या चित्राचा एक कोपरा पायऱ्यांसारखा काळा दिसेल. फाइल खराब नाही. त्या वेळच्या कॅमेऱ्याचे चार भाग होते, त्यातला एक जास्त बारकाईने पाहायचा. इतरांशी मेळ बसवायला त्याचं चित्र लहान करावं लागे, आणि उरलेली जागा रिकामी राही. कातरून सरळ करता आलं असतं, पण आम्ही तसंच ठेवलं. त्यानंतर त्याच खांबांचं वेबने 2022 मध्ये घेतलेलं चित्र येतं. धूळ विरळ होते आणि मागचे असंख्य तारे दिसू लागतात. ही आमची सर्वांत आवडती फीत.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांना ताऱ्यांची टोकं मोजायला सांगा. चार असतील तर चित्र हबलचं. सहा मोठी आणि दोन बारीक असतील तर वेबचं. हबलचा दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या चार पट्ट्यांमुळे चार टोकं उमटतात. वेबची सहा मोठी टोकं तिच्या षटकोनी आरशांमुळे येतात, आणि दोन बारीक टोकं आरशापुढच्या दांड्यांमुळे.

संगीताबद्दल

सुरुवातीला बासरीवर मारवा वाजवून घेतला होता. वाजला सुरेख, पण ऐकताना सगळ्यांनी डोळे मिटले. राग पूर्ण लक्ष मागतो आणि चित्र मागे पडतं. म्हणून आता मिरजेचा तानपुरा, लांबवर एखादा सुरबहाराचा स्वर, आणि ताल अजिबात नाही.

सातव्या फितीबद्दल मात्र सांगायलाच हवं. ययाती तारकासमूहात, सुमारे 25 कोटी प्रकाशवर्षांवर, एक दीर्घिकासमूह, म्हणजे गॅलेक्सींचा समूह, आहे. त्याच्या मध्यभागातल्या कृष्णविवरामुळे भोवतालच्या तप्त वायूत लाटा उठतात. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने त्या टिपल्या आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा स्वर काढला : पियानोच्या मधल्या 'सी'च्या 57 सप्तकं खालचा बी फ्लॅट. आपल्या पेटीवर काळी पाच! इतका खर्ज कोणत्याच कानाला ऐकू येणार नाही. त्या फितीत आमचा तानपुरा काळी पाचमध्ये लावला आहे. आवाज तानपुऱ्याचाच आहे, अवकाशातून आलेला नाही. फक्त पट्टी तिकडची.

टीव्हीची मांडणी

पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर तो 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' करा. 'नॉइज रिडक्शन' बंद करा, हे सर्वांत महत्त्वाचं : टीव्हीला बारीक तारे म्हणजे चित्रातला कचरा वाटतो आणि तो ते पुसून टाकतो. 'शार्पनेस' वाढवलेला असेल तर प्रत्येक ताऱ्याभोवती पांढरी कड येते, तोही उतरवा. ट्यूबलाइट बंद, पण टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा असू द्या; एलईडी पडद्यावर मिट्ट अंधारात काळा रंग राखाडी दिसतो. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर खर्जाची तार नीट ऐकू येत नाही. साउंडबार असेल तर जोडा, आवाज मात्र बेताचाच.

चित्रं फार हळू सरकतात, अशी तक्रार येते. देवयानी दीर्घिकेचं 2015 सालचं हबलचं चित्र सुमारे 150 कोटी पिक्सेलचं आहे, फोर-के टीव्हीवर मावतात जेमतेम 83 लाख. पूर्ण तपशिलात एका वेळी पाहायचं तर जवळजवळ 180 टीव्ही लागतील. सावकाश सरकण्यावाचून इलाज नाही.

पैसे कशाचे?

नासाची बहुतेक छायाचित्रं सर्वांना मोफत असतात, युरोपीय अंतराळ संस्थेची श्रेय देऊन वापरता येतात. श्रेय प्रत्येक फितीच्या शेवटी दिलं आहे. तुम्ही पैसे दिलेत ते संगीताचे आणि जुळणीचे. या संस्थांचा आमच्या व्यवसायाशी काहीही संबंध नाही.

अकरावी फीत सवड काढून पाहा. डिसेंबर 1995 मध्ये हबलने सप्तर्षींमधल्या एका जवळजवळ रिकाम्या तुकड्याकडे दहा दिवस रोखून पाहिलं. तुकडा केवढा, तर शंभर मीटरवर धरलेल्या टेनिसच्या चेंडूएवढा. 342 फोटो एकत्र केल्यावर त्यात सुमारे 3,000 दीर्घिका निघाल्या. ही फीत बावीस मिनिटांची आहे आणि शेवटची चार मिनिटं तानपुराही थांबतो. तो बिघाड समजू नका.

जुन्या टीव्हीवर पेन ड्राइव्ह उघडत नसेल तर टीव्हीचं मॉडेल कळवा. चालेल अशा फाइल भरून, जादा पैसे न घेता बदलून देऊ.