शेपटी नसलेला पतंग आणि स्वीडनचं ग्रिपेन

ऑक्टोबर २०२५ मधे पाच दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. १७ तारखेला नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या नव्या लाईनवर तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान उडालं. २२ तारखेला स्वीडनमधल्या लिनशॉपिंगला झेलेन्स्की आणि स्वीडनचे पंतप्रधान क्रिस्टरसन यांनी युक्रेनसाठी १०० ते १५० ग्रिपेन या स्वीडिश लढाऊ विमानांच्या इरादापत्रावर सह्या केल्या. आमच्या घरच्या ग्रुपवर दोन्हीची चर्चा सुरू झाली आणि मामांनी लिहिलं, "तेजस मुळातच अस्थिर विमान आहे म्हणे, मग असलं बनवायचंच कशाला?" त्यावर भाच्याने लगेच ग्रिपेनचा व्हिडिओ टाकला, खाली मोठ्या अक्षरात 'सुखोईचा कर्दनकाळ'. पण ग्रिपेनसुद्धा अस्थिरच आहे, आणि दोन्ही विमानं मुद्दाम तशी बनवली आहेत! दोघांची इंजिनंसुद्धा एकाच घराण्यातली, अमेरिकेच्या जीई कंपनीच्या एफ-४०४ मधली (आधीच्या ग्रिपेनमधलं इंजिन व्होल्वोने त्यावरून बनवलं, नाव आरएम-१२; नव्या ग्रिपेन-ईमधे त्यावरूनच पुढे केलेलं एफ-४१४ आहे). मामांना उत्तर लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की आता इथेच टाकतेय.

आधी स्वीडन, कारण ही सगळी गोष्ट तिथल्या रस्त्यांपासून सुरू होते. त्यांचं हवाई दल, फ्लीगवापनेत, १ जुलै १९२६ ला स्थापन झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी अमेरिकेत लढाऊ विमानांची ऑर्डर दिली, त्यातली निम्मी पोचली आणि उरलेली १९४० मधे अमेरिकेने अडवली. साब कंपनी १९३७ मधेच सुरू झालेली होती, पण आपलं विमान आपणच बनवायचं हे त्या देशाच्या मनात पक्कं बसलं ते अशा अनुभवांमुळे. युद्ध संपल्यावर तीनच वर्षांत, १ सप्टेंबर १९४८ ला, साबचं तुन्नान उडालं. तुन्नान म्हणजे पिंप, आणि दिसायलाही अगदी पिंपासारखंच, पण पंख मागे वळवलेले, म्हणजे त्या काळातलं अगदी पुढचं डिझाईन. अशी ६६१ बनवली. १९६१ मधे काँगोमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत हीच तुन्नान आणि आपल्या हवाई दलाची कॅनबेरा बॉम्बर विमानं एकाच बाजूने लढली, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

तटस्थ असले तरी त्यांना भीती होती, आणि ती खरी होती. १३ जून १९५२ ला सोव्हिएत मिगने बाल्टिक समुद्रावर त्यांचं डीसी-३ विमान पाडलं आणि तीन दिवसांनी त्याच्या शोधात गेलेलं कॅटालिना विमानसुद्धा पाडलं. मग प्रश्न असा की युद्ध झालंच तर पहिल्या तासात आपले विमानतळ उडवले जाणार, तेव्हा विमानं उतरणार कुठे. जून १९६७ मधे इस्रायलने इजिप्तचं जवळजवळ सगळं हवाई दल काही तासांत जमिनीवरच संपवलं ते अख्ख्या जगाने पाहिलं. विमानं जंगलात विखरून ठेवायची आणि हायवेवरून उडवायची ही स्वीडनची पद्धत त्याआधीपासूनच होती, १९६७ नंतर ती आणखी वाढवली, मुख्य तळाच्या आजूबाजूला साधारण ८०० मीटरच्या छोट्या धावपट्ट्या केल्या, त्यात साधे रस्ते पण आले. (आपल्याकडे २०१५ मधे यमुना एक्सप्रेसवेवर मिराज-२००० उतरवलं ते याच कल्पनेतून.)

आता ८०० मीटरवर ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान उतरवायचं तर अडचण काय आहे ते बघा. वेगासाठी त्रिकोणी पंख, म्हणजे डेल्टा, उत्तम. १९५५ मधे उडालेलं साबचं द्राकेन असंच होतं, दोन त्रिकोण एकात एक जोडल्यासारखं. पण शेपटीवर आडवे पंख नसलेल्या साध्या डेल्टाची एक खोड आहे. उतरताना नाक वर करायचं असेल तर पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा वर कराव्या लागतात, त्याने पंखाचा मागचा भाग खाली दाबला जातो आणि नाक वर येतं, पण त्याचबरोबर एकूण लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं हवेचं बल, कमी होते, म्हणजे वेग कमी असताना लिफ्ट सगळ्यात जास्त हवी नेमकी तेव्हाच ती कापली जाते! मग वेग जास्त ठेवूनच उतरावं लागतं आणि धावपट्टी लांब लागते.

साबने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. नाक वर करायला मागचा भाग खाली दाबायचाच कशाला, पुढूनच उचला. ८ फेब्रुवारी १९६७ ला उडालेल्या विगेनला मोठ्या पंखांच्या पुढे दोन छोटे पंख दिले, यांना कॅनार्ड म्हणतात. ते पुढून वर उचलतात, म्हणजे नाकही वर येतं आणि लिफ्टमधे भरच पडते, शिवाय त्यांच्या कडेवरून सुटलेले हवेचे भोवरे मागच्या मोठ्या पंखावरून जातात आणि तिथला प्रवाह पंखाला चिकटून ठेवतात. कॅनार्ड हा फ्रेंच शब्द, अर्थ बदक, आणि स्वीडिशमधे विगेन म्हणजे वीज किंवा एक जातीचं बदक. विगेन ५०० मीटरमधे थांबायचं, त्याला जेटचा झोत उलटा फिरवायची सोय पण होती. इंजिन मात्र मूळचं अमेरिकन, बोईंग ७२७ मधल्या इंजिनावरून केलेलं, आणि त्याच कारणाने १९७८ मधे अमेरिकेने परवानगी नाकारली आणि विगेन भारताला विकता आलं नाही. आपण मग जॅग्वार घेतलं.

आता अस्थिरतेकडे येते, माझा सगळा जीव त्यातच आहे.

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या कोणालाही हे आधीच माहीत असतं. लहान पोराला पतंग द्यायचा तर त्याला शेपटी लावून देतात, तो शांत एका जागी राहतो, झोत आला तरी परत सरळ होतो. पण काटाकाटी करणारा शेपटी लावत नाही. त्याचा पतंग जरा ढील मिळाली की गरगरतो आणि जरा खेचला की बाणासारखा सुटतो. चपळपणा आणि शांतपणा एकाच पतंगात मिळत नाही, फक्त बिनशेपटीच्या पतंगाला बोटांनी सतत सांभाळावं लागतं. (द्राकेन या शब्दाचा अर्थ ड्रॅगन पण होतो आणि पतंग पण!)

विमानात हेच गुरुत्वमध्यावर ठरतं. लिफ्ट जिथे एकवटली असं धरता येतं तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर झोताने नाक वर गेलं की वाढलेली लिफ्ट मागून उचलते आणि नाक आपोआप खाली येतं, हे स्थिर विमान. तोच बिंदू पुढे असेल तर वाढलेली लिफ्ट नाकाला आणखी वर ढकलते, मग आणखी लिफ्ट, आणखी वर, आणि सेकंदभरात विमान हाताबाहेर. तळहातावर काठी उभी धरण्यासारखंच. मग हे कशाला हवं? कारण तो बिंदू एका जागी राहत नाही. कमी वेगाला तो पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर असतो आणि ध्वनीचा वेग ओलांडला की जवळजवळ अर्ध्यावर सरकतो. म्हणजे कमी वेगाला छान स्थिर असलेलं विमान ध्वनीपुढे गेलं की गरजेपेक्षा जास्त स्थिर होतं, नाक वळायलाच तयार नाही, आणि ते वर धरून ठेवायला झडपा सतत वाकवाव्या लागतात, त्यात इंधन जातं. त्यापेक्षा कमी वेगाला थोडं अस्थिर ठेवा, म्हणजे वेग वाढला की ते आपोआप ठीक होतं. फक्त काठी सांभाळायला हात हवा, आणि माणसाचा हात तेवढा जलद नाही. म्हणून कॉम्प्युटर. ग्रिपेनमधे उड्डाण नियंत्रणाचे तीन समांतर डिजिटल मार्ग आहेत, तेजसमधे चार. पायलट त्याच्या हातातली नियंत्रणाची काठी हलवतो ती फक्त इच्छा सांगायला, कॅनार्ड आणि झडपा हलवायचं काम कॉम्प्युटरचं.

ग्रिपेन ९ डिसेंबर १९८८ ला पहिल्यांदा उडालं आणि २ फेब्रुवारी १९८९ ला, सहाव्या उड्डाणात, लिनशॉपिंगला उतरताना डोलायला लागलं, डोलणं वाढत गेलं आणि ते धावपट्टीवर आदळून उलटलं. पायलट लार्स रोडेस्त्रम वाचला. सुधारणा झाल्या, आणि ८ ऑगस्ट १९९३ ला स्टॉकहोममधे हजारो लोकांसमोर, पुन्हा रोडेस्त्रमच चालवत असताना, ग्रिपेन असंच डोललं. त्याने उडी मारली, विमान लोंगहोल्मेन बेटावर पडलं, आणि एवढ्या गर्दीत कोणी मेलं नाही.

दोन्ही वेळा तोच माणूस म्हटल्यावर आपल्याकडे काय बोललं गेलं असतं ते मी सांगायला नको. साडेसाती, पायगुण, विमानाला लिंबू बांधलं नव्हतं. अशी उत्तरं मिळाली की माणूस शोधायचं थांबतो, म्हणून मला त्यांचा खरंच राग येतो. साबच्या लोकांनी शोधलं आणि कारण सापडलं.

कारण असं. झडपा हलवणारं हायड्रॉलिक यंत्र सेकंदाला ठराविक अंशच फिरू शकतं, त्यापुढे नाही. पायलटने काठी जोरात इकडून तिकडे नेली की कॉम्प्युटर झडपेला त्याहून जास्त वेग मागतो आणि झडप मागे पडते. गीझरचा नळ आठवा. पाणी गार लागतं म्हणून गरम वाढवता, ते पाइपातून यायला उशीर लागतो म्हणून आणखी वाढवता, मग एकदम चटका बसतो, घाईने बंद करता, मग बर्फासारखं. नळ बरोबर, हात बरोबर, चुकतो तो फक्त वेळ. इथेही तेच, पायलट विमान डावीकडे कललं म्हणून उजवीकडे काठी नेतो, झडप अजून आधीची आज्ञा पूर्ण करतेय, ती उजवीकडे पोचेपर्यंत विमान स्वतःच उजवीकडे आलेलं असतं, म्हणजे त्याची दुरुस्तीच डोलण्यात भर घालते, झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखी. आणि अस्थिर विमानात याचा दुप्पट त्रास, कारण त्याच झडपांनी विमान तोलून पण धरायचं असतं. झडपा पायलटच्या आज्ञांमागे धावण्यात गुंतल्या की तोल सांभाळायला कोणी उरत नाही.

उपाय सॉफ्टवेअरमधे केला. झडप वेगाच्या मर्यादेला टेकली की आज्ञेची जुनी थकबाकी पूर्ण करत बसायचं नाही, पायलटने काठी उलटी फिरवली की झडपेनेही त्याच क्षणी उलटी फिरायला सुरुवात करायची, पूर्ण अंश मिळाले नाहीत तरी चालेल पण वेळ चुकायला नको. गणितात याला फेज भरून काढणं म्हणतात.

भाच्यासाठी एवढंच, की एकटं विमान कोणाचाच कर्दनकाळ नसतं. रडार, क्षेपणास्त्रं, पायलटचं शिक्षण, हवेतून पाळत ठेवणारी विमानं, सगळं मिळून हवाई दल होतं. स्वीडनकडेही ग्रिपेनच्या मागे साब-३४० वर बसवलेली रडार विमानं होती (ती युक्रेनला द्यायचं २०२४ मधे ठरलं), १९६५ पासून वापरात असलेली हर्क्युलिस मालवाहू विमानं आहेत, ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं आहेत, ६० नव्या ग्रिपेन-ईची ऑर्डर आहे, आणि ७ मार्च २०२४ पासून नाटो आहे.

आणि रस्ता अजून तसाच आहे. ग्रिपेन हायवेवर उतरतं तेव्हा चाकं टेकल्यावर पुढचे दोन्ही कॅनार्ड नाक मुरडल्यासारखे पुढून खाली झुकतात, जवळजवळ उभे होतात, हवा अडवतात आणि पुढचं चाक जमिनीवर दाबून धरतात, म्हणजे ब्रेक नीट लागतो. मग ते झाडांमधे जाऊन उभं राहतं. एक तंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेत आलेली पाच तरुण पोरं इंधन भरतात, क्षेपणास्त्रं लावतात, आणि दहा मिनिटांत ते पुन्हा उडायला तयार होतं.