‘दिसलाच नाही’ हे खरं असू शकतं

चौकात मोटार एखाद्या सायकलला धडकली की गाडीवाला म्हणतो, “दिसलाच नाही.” सायकलवाल्याला ही शुद्ध थाप वाटते आणि भांडण पेटतं. पण पुष्कळदा गाडीवाला खरंच बोलत असतो. त्यामुळे त्याची जबाबदारी मात्र कमी होत नाही, कारण सायकल का दिसत नाही हे कळलं की ती दिसेल असं वागता येतं.

इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्ट भागात इप्ले क्रॉस नावाची चौफुली आहे. आजूबाजूला उघडं, सपाट माळरान. तरीही २०१२ आणि २०१६ साली तिथे मोटारीच्या धडकेने सायकलस्वार दगावले.

इतक्या उघड्यावरही सायकल का दिसत नाही, याचं गणित सोपं आहे. मोटार ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि उजवीकडच्या काटकोनातल्या रस्त्याने सायकल ताशी २० किलोमीटरने येते आहे. दोघं एकाच क्षणी चौफुलीत पोचणार आहेत. पाच सेकंद आधी मोटार चौफुलीपासून ६९ मीटरवर असते आणि सायकल २८ मीटरवर. दोन सेकंद आधी हीच अंतरं २८ आणि ११ मीटर होतात. या सगळ्या वेळात ड्रायव्हरच्या दृष्टीने सायकल नाकासमोरच्या रेषेच्या उजवीकडे २२ अंशांवरच राहते. अंतर घटतं, कोन हलत नाही. समुद्रावर हे जुनं ज्ञान आहे: दुसरं जहाज जवळ येतंय आणि त्याची दिशा बदलत नाही, म्हणजे टक्कर होणार.

आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत पुढची काच आणि ड्रायव्हरचं दार यांच्यामधला खांब, म्हणजे ए-पिलर, साधारण याच कोनात येतो. तो १२ सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर धरला, तर दोन्ही डोळे उघडे असूनही ३० मीटरवर त्याच्याआड सव्वादोन मीटरहून रुंद पट्टा लपतो. सायकलची लांबी जेमतेम १.८ मीटर. शेवटच्या दोनेक सेकंदांपर्यंत ती खांबाआडून निघतच नाही. अशा वेळी भडक जाकीट किंवा लुकलुकणारा दिवा यांचा काडीचा उपयोग नाही.

खांब नसता तरी धोका पुरता टळत नाही. डोळ्याच्या कडेला हालचाल चटकन जाणवते, पण ही सायकल काचेवर एकाच जागी खिळलेली असते. तिचा आकार दुप्पट दिसायला अंतर निम्मं व्हावं लागतं. त्यामुळे ती बराच वेळ ठिपक्यासारखी राहते आणि शेवटच्या सेकंदाला एकदम मोठी होते. शिवाय बारकावे दिसतात ते नजरेच्या मधल्या दोनेक अंशांतच. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. डावीकडून उजवीकडे झर्रकन मान फिरवली तर नजर उड्या मारत जाते आणि प्रत्येक उडीच्या वेळी मेंदू दृश्य दाबून टाकतो. “मी दोन्हीकडे पाहिलं होतं,” हेही खरंच असतं.

उपाय फुकट आहे. चौफुलीआधी वेग कमी करा आणि डोकं डावीकडे वीतभर झुकवा. खांब बाजूला सरकतो आणि त्याच्यामागचं दिसू लागतं. नजर दोन्ही बाजूंना दोन-तीन ठिकाणी क्षणभर थांबवा. सायकलवाल्यासाठी खूण अशी: ड्रायव्हरचा चेहरा खांबाआड गेला असेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. पॅडल थांबवून वेग २० वरून १५ वर आणला की कोन बदलू लागतो.

वादाचं दुसरं कारण म्हणजे सायकलवाला रस्त्याच्या कडेला का चिकटत नाही. गाडीवाल्यांना तो माज वाटतो. पण सायकल तोल सांभाळते तीच हँडलच्या सततच्या बारीक हालचालींनी, त्यामुळे ती सरळ रेषेत जात नाही. तिला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. कडेला उभ्या गाड्यांची दारंही सुमारे मीटरभर बाहेर येतात, म्हणून त्यांना खेटून जाणं सगळ्यात वाईट. उभ्या गाडीत असाल तर दार लांबच्या हाताने उघडा. उजवीकडे बसलेल्याने डावा हात वापरला की खांदे आपोआप वळतात आणि नजर मागून येणाऱ्या सायकलीकडे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, ही सूचना २०२२ साली आली.