चीनमधील महामूर्ती व उत्तुंग इमारती

कड्यात बुद्धमूर्ती कोरण्याची परंपरा चीनमध्ये दीड हजार वर्षांहून जुनी आहे. काचेच्या मनोऱ्यांची हौस मात्र जेमतेम चाळीस वर्षांची. उंचीची ओढ दोन्हींत सारखीच. पण जुन्या मूर्तिकारांनी पावसाच्या पाण्याचा जितका विचार केला, तितका काही नव्या बांधकामांत साध्या परवानगीचाही झालेला दिसत नाही.

सर्वांत बोलके जुने उदाहरण सिच्वान प्रांतातील लेशानचे. मीन, दादू आणि छिंगयी या नद्यांच्या संगमावर, लाल वालुकाश्माच्या कड्यात बसलेल्या मैत्रेय बुद्धाची ही मूर्ती ७१ मी. उंच आहे. संगमावर नावा बुडत, म्हणून हायथोंग या भिक्षूने इ. स. ७१३ मध्ये काम आरंभले. जमलेल्या देणग्यांवर एका अधिकाऱ्याने डोळा ठेवला, तेव्हा हायथोंगने स्वतःचेच डोळे काढून दिले, अशी आख्यायिका आहे. त्याच्यामागे काम रखडले. ते वेइ काओ या सुभेदाराच्या काळात ८०३ मध्ये पुरे झाले.

मूर्ती इतकी टिकली त्यात तिच्या पन्हळींचा मोठा वाटा आहे. डोक्यावर हजाराहून अधिक कुरळ्या बटा आहेत आणि त्यांच्या चौथ्या, नवव्या व अठराव्या ओळीत आडव्या चरी लपवल्या आहेत. डोक्यावरचे पाणी या चरींतून बाजूला काढले जाते. गळ्याशी आणि वस्त्राच्या चुण्यांतही तशाच वाटा आहेत. खालून पाहणाऱ्याला त्या निव्वळ चुण्या वाटतात. कानांमागे डोक्याच्या आरपार काढलेला बोगदा कड्यात मुरलेली ओल बाहेर टाकतो. सुमारे सात मीटरचे कान मात्र लाकडावर लेप चढवून केलेले आहेत. मूर्तीवर पूर्वी अनेक मजली लाकडी मंडप होता. तो नष्ट झाल्यावर ऊनपावसाचा मारा थेट सुरू झाला. ऑगस्ट २०२० च्या पुरात पाणी पायांच्या बोटांना लागले. १९४९ नंतर असे प्रथमच घडले.

आधुनिक महामूर्ती कोरत नाहीत, धातूचे पत्रे सांगाड्यावर जोडून उभ्या करतात. हनान प्रांतातील लूशान येथील १२८ मी. उंचीचा बुद्ध २००८ मध्ये पूर्ण झाला आणि २०१८ पर्यंत जगातील सर्वांत उंच पुतळा होता. त्याला मागे टाकले गुजरातमधील सरदार पटेलांच्या १८२ मी. पुतळ्याने. त्याचे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातले. पण पुतळ्यावरचे कांस्यपत्रे ओतले गेले चीनमध्येच.

इमारतींत शांघायच्या लूच्यात्स्वे भागातील त्रिकूट प्रसिद्ध आहे: चिन माओ (१९९९), ४९२ मी. उंचीचे जागतिक वित्त केंद्र (२००८) आणि ६३२ मी. उंचीचा शांघाय टॉवर (२०१५). वित्त केंद्राच्या माथ्यावरचे भोक आधी गोल ठरले होते. ते जपानच्या उगवत्या सूर्यासारखे दिसते अशी ओरड झाल्यावर चौकोनी झाले. मग लोक त्याला बाटलीचे ओपनर म्हणू लागले. शांघाय टॉवरचा पीळ शोभेसाठी नाही. पिळामुळे वाऱ्याचा जोर एका रेषेत साचत नाही, आणि हे शहर टायफूनच्या वाटेवर आहे.

जमीन विकून मिळणारा महसूल, पर्यटनाची आशा आणि आपल्या कारकिर्दीची खूण सोडण्याची स्थानिक अधिकाऱ्यांची हौस यांतून अशी कामे निघत राहिली. त्येनचिनमधील ५९७ मी. मनोऱ्याचा सांगाडा २०१५ मध्ये माथ्याला पोचला आणि पुढे कित्येक वर्षे तसाच पडून राहिला. २०१८ पासून धर्मस्थळांबाहेर मोठ्या उघड्या धार्मिक मूर्ती उभारण्यास बंदी आली आणि २०२१ मध्ये ५०० मी.पेक्षा उंच नव्या इमारतींना मनाई झाली.

हूपे प्रांतातील चिंगचौ येथे २०१६ मध्ये उभा राहिलेला क्वान यूचा पुतळा या बदलात सापडला. तिसऱ्या शतकात हा सेनापती याच शहराचे रक्षण करीत होता, त्यामुळे निवड चुकीची नव्हती. चौथऱ्यासह सुमारे ५८ मी. उंची, चार हजारांवर कांस्यपत्रे आणि १३६ टनांचे शस्त्र, असा थाट होता. जुन्या शहराच्या जतन आराखड्यात मात्र तिथे २४ मीटरची मर्यादा होती. २०२० मध्ये गृहनिर्माण मंत्रालयाने जाहीर कानउघाडणी केली आणि पुढच्या वर्षी शिरापासून पुतळा उतरवायला सुरुवात झाली. तो बांधायला सुमारे १७ कोटी युआन लागले होते. शहराबाहेर हलवण्याचा खर्च १५.५ कोटी युआन धरला गेला.