विकासदर वाढला की सरकार परत येतंच?

दर निवडणुकीला एक मेसेज फिरतो, की देशाचा विकासदर, म्हणजे वर्षभरात देशाचं एकूण उत्पन्न किती टक्क्यांनी वाढलं तो आकडा, चांगला असेल तर सत्ताधारी पक्ष हरूच शकत नाही. ऐकायला पटतं, मलाही बरीच वर्षं पटायचं, खिशात पैसा आला की माणूस खूश असणारच ना.

पण जुने आकडे काढून बघा. 2003-04 मध्ये विकासदर 8 टक्क्यांच्या आसपास होता, तरी 2004 च्या लोकसभेत सत्तांतर झालं. 2008-09 ला जागतिक मंदीने वाढ खाली आली आणि 2009 ला सत्ताधारी आघाडी उलट जास्त जागा घेऊन परत आली. आता याच्या विरुद्धही उदाहरण आहे, 1979-80 ला दुष्काळ, महागाई, अर्थव्यवस्था चक्क आकसली आणि जानेवारी 1980 मध्ये सरकार बदललं. म्हणजे संबंध आहे, पण हमी नाही.

का, तर विकासदर सगळ्या देशाच्या उत्पन्नाच्या बेरजेवरून काढतात, ती बेरीज कारखाने, सेवाक्षेत्र यांच्या जोरावर वर जाऊ शकते आणि त्याच वर्षी कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात काहीच आलेलं नसतं, शिवाय मत देताना माणूस कांद्या-तेलाचा भाव, पोराची नोकरी, जात, स्थानिक उमेदवार, कोणाची कोणाशी युती झाली हे सगळं धरतो. 2004 ला युतीच्या गणितानेच कितीतरी जागा फिरल्या.

स्वतः तपासायचं तर केंद्र सरकारच्या दरवर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालातून निवडणुकीआधीच्या वर्षाचा विकासदर आणि महागाई लिहून घ्या, शेजारी निकाल लिहा. एकच निवडणूक नको, आठ-दहा तरी घ्या, आणि राज्यांचं वेगळं बघा.