वाहनाच्या धडकेत कुत्रा दगावल्यास: तक्रार, भरपाईचा अर्ज आणि कागदपत्रे

वाहनाच्या धडकेत कुत्रा दगावला, तर चालकाची फौजदारी जबाबदारी आणि मालकाचा नुकसानभरपाईचा हक्क या दोन स्वतंत्र बाबी ठरतात. दोहोंसाठी दाद मागण्याचे ठिकाण, लागणारे पुरावे आणि मुदतही वेगळी आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र हा आगळिकीचा, म्हणजे मालमत्तेचे नुकसान घडवण्याचा, अपराध असल्याने नुकसान करण्याचा उद्देश, किंवा ते होण्याचा संभव असल्याची जाणीव, सिद्ध व्हावी लागते. 2020 मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्ह परिसरात दुचाकीच्या धडकेने रस्त्यावरील कुत्रा मरण पावला आणि खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या एका विद्यार्थ्यावर गुन्हा नोंदवला गेला. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, बेदरकार वाहन चालवण्याची कलमे माणसाच्या जिवापुरती असल्याचे सांगितले आणि त्या विद्यार्थ्याला 20 हजार रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला. या निकालाने बेफिकिरीला मुभा मिळाली असे समजणे चुकीचे आहे, कारण जाणूनबुजून अंगावर गाडी घालणाऱ्याला त्याचा आधार घेता येत नाही.

हेतुपुरस्सर कृत्याचा संशय असेल, तर कुत्रा भटका असला तरी कोणीही नागरिक पोलीस ठाण्यात खबर देऊ शकतो आणि गुन्हा नोंदल्यास खबरीची प्रत त्याला विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 खालील खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो. पहिल्या अपराधाला त्यात अवघा 10 ते 50 रुपये दंड आहे, जो आजच्या काळात अत्यंत तोकडा आहे.

पाळीव कुत्रा कायद्याच्या दृष्टीने मालकाची मालमत्ता आहे. घरातल्या जिवाला मालमत्ता म्हणणे मनाला रुचत नाही, पण भरपाईचा हक्क याच आधारावर उभा राहतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 166 खाली मालक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. हा अर्ज अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे निवासस्थान किंवा प्रतिवादीचे निवासस्थान ज्या न्यायाधिकरणाच्या हद्दीत असेल तेथे, कायद्याने ठरवलेल्या सहा महिन्यांच्या मुदतीत करावा. भटक्या कुत्र्याला मालक नसल्याने हा मार्ग तेथे उपलब्ध नाही.

अर्जासोबत मालकी दाखवणारा पालिकेचा श्वान परवाना, लसीकरणाची नोंदवही, खरेदीची पावती किंवा दत्तकपत्र, उपचारांची बिले, पोलीस नोंदीची प्रत आणि घटनास्थळाचा पंचनामा जोडावा. शवविच्छेदन अहवालासाठी दफन करण्यापूर्वीच पशुवैद्यकाकडे जावे लागते. दुःखाच्या भरात नेमके हेच राहून जाऊ शकते. वाहनाचा क्रमांक मात्र सर्वांत मोलाचा आहे, कारण पळून गेलेल्या अज्ञात वाहनासाठी असलेली शासकीय भरपाई योजना केवळ माणसांच्या मृत्यूला किंवा गंभीर दुखापतीला लागू होते. म्हणून परिसरातील सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी ते जपून ठेवण्याची लेखी विनंती करावी.

चालकावरही कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 नुसार त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, कमाल 24 तासांत माहिती द्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. कुत्रा पट्ट्याविना रस्त्यावर सोडला होता असे दिसून आल्यास मालकाचा निष्काळजीपणाही विचारात घेतला जाऊन भरपाई कमी होऊ शकते.